पाय टेकला की नापास

"टेकला!" साहेब ओरडले. "पाय टेकला! चल, पुन्हा पहिल्यापासून."

इमारतीच्या मागच्या मोकळ्या पार्किंगमध्ये साहेबांनी खडूने भला मोठा आठ काढला होता आणि त्यांची नात त्या आठावरून सायकल फिरवून फिरवून घामाघूम झाली होती. नात नऊ वर्षांची. घरात तिला सगळे चिमी म्हणत.

"आजोबा, नुसतं बोट लागलं."

"बोट पायालाच असतं ना? मग पाय टेकला. आणि नजर चाकावर कशाला? चाक काही पळून जात नाही. समोर बघ."

वरच्या गॅलरीतून आजी खाली बघत होत्या. "अहो, पोरीला पाणी तरी पिऊ द्या. सायकल शिकवताय की शिक्षा करताय?"

"परीक्षा आहे तिची," साहेब मान वर न करता म्हणाले. "आणि परीक्षा म्हणजे काय, हे ह्या घरात मला जास्त कळतं."

ते खरंच होतं. साहेबांची उभी हयात मायदेशी परिवहन खात्यात, दुचाकीचं लायसन्स मागायला येणाऱ्यांची परीक्षा घेण्यात गेली होती. मैदानात आखलेल्या आठावरून गाडी फिरवायची आणि पाय जमिनीला लागू द्यायचा नाही, एवढीच परीक्षा. पण साहेब समोर उभे असले की भल्याभल्यांचे पाय लटपटत, आणि लटपटले की टेकत. पाठीमागे लोक त्यांना 'आठवाले साहेब' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. त्यांच्यापुढे वशिला चालत नसे, रडगाणं चालत नसे. बायकोच्या सख्ख्या धाकट्या भावालाही त्यांनी नापास केलं होतं. त्याला फिरतीची चांगली नोकरी लागत होती, फक्त लायसन्स हवं होतं. "दाजी, जरासाच टेकला हो," तो बिचारा म्हणाला. "जरासा म्हणजे किती? टेकला म्हणजे टेकला!" असं साहेबांनी त्याला सगळ्या रांगेसमोर ऐकवलं. पुढच्या खेपेला तो पास झाला, पण तोवर नोकरी दुसऱ्याला गेली होती. तेव्हापासून मेव्हणा साहेबांशी जेवढ्यास तेवढं बोले. आजी तो विषय एरवी काढत नसत, भांडणात हरायची वेळ आली की मात्र काढत.

आता साहेब निवृत्त होते आणि परदेशात नोकरी करणाऱ्या लेकीकडे दोघं राहायला आले होते. चिमीच्या शाळेत सायकलची परीक्षा असते आणि ती घ्यायला चक्क वाहतूक पोलीस येतात, हे ऐकल्यापासून साहेबांच्या अंगात वारं शिरलं होतं. परीक्षेत पास होणारी मुलं दुसऱ्या दिवशी वर्गाच्या सहलीला सायकलवरून तळ्याकाठी जाणार होती. नापास झालेल्यांसाठी मागून बस.

"बसमध्ये कोण जातं माहीत आहे, आजोबा?" चिमीने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. "ज्यांना येत नाही ते. सगळे त्यांना खिडकीतून हात करतात. मी बसमध्ये नाही जाणार. मला ताप आला म्हणून घरीच राहीन."

लेकीने बजावलं होतं, "बाबा, इथले नियम वेगळे आहेत. शाळेत तिच्या बाई शिकवतात सगळं. तुम्ही नुसते तिच्याबरोबर फिरून या. शिकवू नका काही."

"वेगळे म्हणजे काय वेगळे? इथेही चाकं गोलच आहेत ना?"

जावयाने नेहमीप्रमाणे दोघांच्याही बाजूने मान हलवली.

आठ जमला, तसं साहेबांनी चिमीला रस्त्यावर काढलं. स्वतः लेकीची सायकल घेतली. तिला पुढे फुलांची टोपली होती आणि पेडल उलटं मारलं की ब्रेक लागायचा. उतारावर पेडल मागे फिरवत निवांत बसायची साहेबांची सवय असल्यामुळे पहिल्याच वळणावर ते दोनदा जागच्या जागी थांबले आणि दोन्ही वेळा त्यांनी "रस्ता खराब आहे" असं सांगितलं. डोक्यावर जावयाचं हेल्मेट होतं. ते भुवयांपर्यंत उतरायचं, त्यामुळे वरच्या पाट्या वाचायला साहेबांना मान बरीच मागे टाकावी लागायची. पण वाचल्याशिवाय त्यांनी एकही पाटी सोडली नाही.

"ही बघ, ही त्रिकोणी. म्हणजे पुढे धोका. ही निळी गोल. म्हणजे हुकूम. पाट्या सगळ्या जगात सारख्या असतात, चिमे. माणसं वेगळी असतात."

एका चौकात चिमी एकदम थांबली. समोरच्या रस्त्याच्या तोंडाशी गोल पाटी होती. पांढरी, लाल कडेची, मध्ये काळी सायकल.

"आजोबा, इथून नको."

"का नको? सायकलच तर काढलीय!"

"बाईंनी सांगितलंय, लाल गोल असला की..."

"हे बघ," साहेब प्रेमाने म्हणाले. रांगेतल्या अडाण्याला समजावतानाचा त्यांचा आवाज असाच असायचा. "सायकलला बंदी असेल तर चित्रावर तिरकी रेघ मारतात. दिसते का तुला रेघ? नाही ना? रेघ नाही म्हणजे बंदी नाही. लाल कड बाकीच्यांसाठी आहे. सायकली येतात, सांभाळून चाला, असं सांगितलंय त्यांना."

"पण आजोबा..."

"परीक्षक कोण आहे, तू की मी?"

रस्ता सुरेख होता. दोन्हीकडे दुकानं, मध्येच मांडलेली टेबलं, फुलांच्या बादल्या, आरामात चालणारी माणसं. माणसं जरा जास्तच आरामात चालत होती, म्हणून साहेबांनी घंटी वाजवली. मायदेशी दहादा वाजवली तरी गाढवसुद्धा कान हलवत नाही. इथे पहिल्याच घंटीला रस्ता दुभंगला. एका बाईने बाबागाडी दुकानात ढकलली. ट्रे घेऊन निघालेला वेटर पायरीवर चढून भिंतीला चिकटला. काठी टेकत चाललेले एक म्हातारे गृहस्थ ह्या वयात उडी मारून बाजूला झाले आणि काठी उंचावून काहीतरी म्हणाले. साहेबांनीही हात उंचावून त्यांना नमस्कार केला.

"बघितलीस शिस्त?" साहेब मागे वळून म्हणाले. "हे शिकण्यासारखं आहे."

चिमी सायकलवरून उतरून ती हातात धरून चालत होती. तिचा चेहरा लाल झाला होता, पण ते साहेबांना हेल्मेटखालून दिसलं नाही.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पोलीसबाई उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला.

थांबायचं म्हणजे पाय टेकायचा, आणि ते काही साहेबांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी वेग कमी केला आणि पोलीसबाईंना एक हळुवार प्रदक्षिणा घातली. "थांबतोय, थांबतोय," असं आपल्या भाषेत सांगत दुसरी सुरू केली. तिच्या मध्यावर सवयीने पेडल उलटं फिरलं, सायकल जागच्या जागी खिळली आणि तोल जाताना हाताला जे लागलं ते साहेबांनी धरलं. पाय मात्र पेडलवरच होते.

पोलीसबाई काहीतरी बोलल्या. तोवर चिमी धापा टाकत पोचली होती.

"काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं.

"खांदा सोडा म्हणतायत."

साहेबांनी खांदा सोडला आणि मग नाइलाजाने त्यांना खाली उतरावंच लागलं. "सांग त्यांना, मी ह्याच खात्यातला आहे. निवृत्त अधिकारी."

चिमीने सांगितलं. उत्तर आलं.

"त्या विचारतायत, मग पाटीचा अर्थ माहीत असूनही आत शिरलात का?"

"नाही, नाही! सांग, मला अर्थ माहीत नव्हता."

"त्या विचारतायत, मग अधिकारी कशाचे?"

"अगं, सांग ना, आमच्याकडे तिरकी रेघ असते!"

"कसली रेघ?"

साहेबांनी हवेत एक जोरकस तिरकी रेघ मारली. ती पोलीसबाईंच्या नाकाच्या टोकाजवळून गेली. पोलीसबाई एक पाऊल मागे सरकल्या. आता माणसं जमायला लागली होती. बाबागाडीवाली बाई होती, वेटर रिकामा ट्रे घेऊन आला होता, आणि काठीवाले गृहस्थ घडलेला प्रकार काठीसकट करून दाखवत होते. एका बुटांच्या दुकानाच्या दारात चिमीच्या वर्गातली एक मुलगी आईचा हात धरून उभी होती. चिमीने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मग चिमी स्वतःच बोलायला लागली. साहेबांनी काही सांगितलं नव्हतं, तरी ती बराच वेळ, थांबत थांबत बोलली. पोलीसबाईंनी ऐकून घेतलं, चिमीच्या खांद्यावर हात ठेवला आणि साहेबांना बोटाने दाखवलं, की सायकली हातात धरून आल्या रस्त्याने परत जा.

"काय सांगितलंस तू त्यांना?"

"काही नाही."

आल्या रस्त्याने परत जायचं, म्हणजे त्याच सगळ्या माणसांसमोरून. घंटी वाजवत आलेले साहेब आता फुलांच्या टोपलीची सायकल ढकलत निघाले. ह्या खेपेलाही माणसं शहाण्यासारखी बाजूला होत होती, आणि तेच जास्त लागत होतं. काठीवाल्या गृहस्थांपाशी साहेबांनी हेल्मेट काढून मान झुकवली. आयुष्यात शेकडो माणसांना त्यांनी मैदानातून गाडी ढकलत परत पाठवलं होतं. ते ढकलणं इतकं जड असतं, हे त्यांना कधी कळलंच नव्हतं.

घरी चिमीने चकार शब्द काढला नाही. साहेबांनीही काढला नाही. पाटी चुकली असेल, पण तोल तर मीच शिकवलाय, आणि तोल जगात कुठेही तोलच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या मैदानावर रस्ते आखले होते, छोटे चौक, छोट्या पाट्या. साहेब आणि आजी तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहिले. परीक्षक आल्या आणि साहेबांनी टोपी नाकापर्यंत ओढली. त्याच पोलीसबाई होत्या.

"ऊन आहे का एवढं?" आजींनी विचारलं.

"आहे थोडं."

एकेक मूल येत होतं. शेवटच्या चौकात 'थांबा'ची लाल अष्टकोनी पाटी होती. तिथे प्रत्येक मूल थांबत होतं आणि थांबताना खाली पाय ठेवत होतं. साहेबांना ते बघवेना.

"हा टेकला," ते पुटपुटले. "हीसुद्धा टेकली. काय शिकवतात हो ह्यांना? अहो, सगळा वर्ग नापास होणार. एकटी चिमी पास!"

"पुटपुटू नका, लोक बघतायत," आजी म्हणाल्या.

चिमी आली. वळताना हात दाखवला, मागे वळून पाहिलं, सगळं नेटकं. 'थांबा'च्या पाटीपाशी ती आली आणि कुंपणाकडे तिने एकदा पाहिलं. मग सायकल हळू केली, इतकी हळू की चाक नुसतं थरथरत राहिलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि पाय न टेकता डौलात पुढे निघून गेली. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. खात्यातल्या अख्ख्या नोकरीत असा तोल त्यांनी पाहिला नव्हता. ते टोपी काढून टाळ्या वाजवायला लागले. बाकी कोणीच वाजवत नव्हतं.

निकाल वाचला गेला. सगळा वर्ग पास झाला होता. नापास दोघंच. एकाने सायकल शिक्षिकेच्या पायावर घातली होती, आणि दुसरी चिमी.

ती कुंपणाशी आली तेव्हा तिचा खालचा ओठ थरथरत होता. "आजोबा, तिथे पाय टेकवायचा असतो. टेकवला तरच सायकल थांबली असं धरतात."

"तुला माहीत होतं हे?"

"बाईंनी शिकवलं होतं. पण तुम्ही म्हणालात, टेकला की नापास. तुम्ही बघत होतात." आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

साहेबांना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पोरीला सगळं येत होतं. जे येत होतं ते आजोबांना वाईट वाटू नये म्हणून तिने बाजूला ठेवलं होतं.

ते चिमीचा हात धरून सरळ पोलीसबाईंसमोर जाऊन उभे राहिले. पोलीसबाईंनी त्यांना ओळखलं आणि सावधपणे खांदा जरा मागे घेतला.

"सांग त्यांना," साहेब म्हणाले, "चूक हिची नाही. माझी आहे. हिला नियम येतो. मी चुकीचं शिकवलं."

चिमीने नाक पुसत सांगितलं. पोलीसबाई हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणाल्या? सांग ना."

"त्या म्हणतायत... त्या दिवशी बाजारात मीही असंच म्हटलं होतं. आजोबांची चूक नाही, पाटीचा अर्थ मीच नीट सांगितला नाही, असं."

साहेबांना कुठे बघावं कळेना. म्हणून ते आपल्या बुटांकडे बघत राहिले.

पोलीसबाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, मुलगी आत्ताच पुन्हा परीक्षा देऊ शकते, पण जो तिच्याबरोबर सराव करतो त्यालाही नियम यायला हवा. म्हणून आधी आजोबांनी देऊन दाखवायची.

"अगदी," साहेब म्हणाले. "एका पायावर देतो." मग त्यांनी तो शब्द मनातल्या मनात परत घेतला.

वर्गशिक्षिकेची सायकल मिळाली. मुलं दोरीपलीकडे रांगेने उभी राहिली. साहेबांनी हात दाखवले, मान वळवली, उजवीकडे, डावीकडे, सगळं चोख. 'थांबा'ची पाटी आली. मेंदूने पायाला हुकूम सोडला. पाय हलेना. साहेबांनी पुन्हा हुकूम सोडला, ह्या वेळी मोठ्याने: "टेक, मेल्या!" पाय निघाला, बुटाचं टोक जमिनीला लागलं न लागलं, आणि चटका बसावा तसा तो पुन्हा पेडलवर चढला. सायकल डौलात पुढे निघून गेली.

पोलीसबाईंनी मान हलवली.

"टेकला होता!" साहेब परत येत म्हणाले. "चिमे, सांग त्यांना, टेकला होता. जरासा."

पोलीसबाईंचं उत्तर एकाच वाक्याचं होतं. चिमीने सांगितलं, "त्या म्हणतायत, जरासा म्हणजे नाहीच."

कुंपणापलीकडे आजींनी तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते, त्यामुळे त्या रडतायत की हसतायत हे लांबून कळत नव्हतं. मग त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला, आणि कळलं.

चिमी दुसऱ्या खेपेला 'थांबा'च्या पाटीपाशी आली, तिने दोन्ही पाय दाणदिशी जमिनीवर आपटले आणि कुंपणाकडे बघितलं. साहेबांनीच पहिली टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी सहलीला मदतीला म्हणून घरची मोठी माणसंही निघाली होती. पण सायकलवरून फक्त पास झालेल्यांनीच यायचं, असा नियम होता. साहेब बसमध्ये बसले. आजी म्हणाल्या, मी कशाला येऊ, मी परीक्षेला बसलेच नव्हते. शिक्षिकेच्या पायावर सायकल घालणारा मुलगा साहेबांच्या शेजारी बसला आणि त्याने आपल्या डब्यातलं अर्धं सफरचंद न विचारता त्यांच्या हातावर ठेवलं. बाहेर सायकली पुढे निघाल्या, तेव्हा सगळ्यांनी खिडकीकडे बघून हात केले. चिमीने सर्वांत जास्त वेळ केला.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. मेव्हण्याचा होता. आजवर त्याने आपणहून कधी फोन केला नव्हता.

"दाजी, ताई सांगत होती ते खरं का?"

"काय सांगत होती?"

"नापास झालात म्हणे."

"हो."

"पाय टेकला नाही म्हणून?"

"टेकला होता रे," साहेब हळूच म्हणाले. "जरासा."

साहेब त्याच्या हसण्याची वाट बघत डोळे मिटून बसले. इतक्या वर्षांचं हसणं, ते काही लवकर संपणार नव्हतं. पण मेव्हणा हसला नाही.

"टेकला होता ना?" तो म्हणाला. "मग पास करायला हवं होतं हो त्यांनी. एवढ्याशासाठी कोणी नापास करतं का?"

खिडकीबाहेर सायकलींची रांग खऱ्या रस्त्यावरच्या खऱ्या 'थांबा'च्या पाटीपाशी पोचली होती आणि एकामागून एक पाय खाली येत होते. "त्यांनी केलं ते बरोबरच केलं," साहेब म्हणाले. "चुकलं ते तुझ्या वेळी. तेव्हा मी तुला पास करायला हवं होतं. निदान सगळ्यांसमोर तसं बोलायला तरी नको होतं."

"काय म्हणालात, दाजी? आवाज येत नाही नीट."

आवाज अगदी नीट येत होता, हे साहेबांना पक्कं ठाऊक होतं. ते सीटवरून उठले, दोन्ही पाय बसच्या जमिनीवर घट्ट टेकवले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्यांनी ते पुन्हा सांगितलं.